करडेराव आणि बाद झालेला पोपटी

गल्लीत त्यांना सगळे करडेराव म्हणत, आणि त्यात थट्टा कमी, वर्णनच जास्त होतं. ते रंगांच्या कचेरीत कामाला. पुढच्या वर्षी लोकांना कुठला रंग आवडणार हे तिथे ठरतं; लोकांना ते मागाहून कळतं. तिथल्या भिंती करड्या, खुर्च्या करड्या, कामावरच्या माणसांचे कोटही करडे. दुसरा रंग डोळ्यांत शिरला तर निवड बिघडते म्हणे.

करडेरावांकडे बाद रंगांचे खण होते. समितीने रंग बाद केला की त्याचं कार्ड खणात टाकायचं आणि किल्ली फिरवायची. मग कारखाने तो रंग बनवणंच थांबवायचे. बाद रंग बघायला समितीला सक्त मनाई. डोळे कोरे राहायला हवेत ना! बाद करतानाही मंडळी डोळे मिटूनच सही करायची.

घोटाळा झाला तो पोपटीवरून. बायकोला बैठकीची खोली पोपटी हवी होती, अगदी माहेरच्यासारखी. रंगारी डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, तो बंद झाला. औषधालासुद्धा मिळायचा नाही."

"कोणी बंद केला?"

रंगाऱ्याने करडेरावांकडे पाहिलं. मेल्याला दुसरीकडे बघायला काय झालं होतं?

बायकोने अबोला धरला तो धरलाच. दोघं समोरासमोर बसलेले आणि निरोप मधे बसलेल्या आईमार्फत.

"अरे, ती विचारतेय, वाढू का?"

"हो म्हणावं."

"हो म्हणतोय गं."

शेवटी आईचा घसा बसला. "तो रंग तरी आण, नाहीतर मी थोरल्याकडे राहायला जाते."

करडेराव घाबरट, पण बायकोच्या आवाजाला आसुसलेले. त्यांनी खण उघडला, पोपटीचं कार्ड काढलं, मागे 'कोवळी उमेद' असं लिहिलं आणि नव्या रंगांच्या गठ्ठ्यात सरकवलं. समितीचे अध्यक्ष कार्डाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "असा रंग जन्मात पाहिला नाही." बिचारे खोटं बोलत नव्हते.

झालं. बादल्या पोपटी, चपला पोपटी, दातांच्या डॉक्टरची खुर्ची पोपटी. थोरल्या जाऊबाईंनी तर स्वयंपाकघर रंगवून सगळ्यांना चहाला बोलावलं.

इकडे रंगारी डबा घेऊन दारात हजर. बायकोने झाकण उघडून आत पाहिलं, खिडकीतून गल्लीकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"अहो."

करडेरावांचा ऊर भरून आला. "बोल ना गं."

"हा तर जाऊबाईंकडेही आहे. माझं माहेर काय असं घरोघरी वाटायचं? मला नको."

"मग कुठला हवा?"

"जो कोणाकडेच नाही." तिची नजर फिरत फिरत त्यांच्या कोटावर येऊन थांबली. तिने बाही चिमटीत धरून रंगाऱ्याला दाखवली. "हा द्या."

आता बैठकीची खोली कोटासारखी करडी झाली आहे. करडेराव कामावरून येतात, कोटासकट भिंतीला टेकून बसतात. बायको चहाचा कप घेऊन खोलीभर बघत उभी राहते.

"अहो, कुठे आहात?"

"इथेच आहे गं."

"इथे म्हणजे कुठे? जरा हात हलवा बघू."

करडेराव लगेच हलवत नाहीत. तिला आणखी दोन हाका मारू देतात.