दाराकडे पाठ करून बसलेला सीझर

एका शहाण्या कुत्र्याला मी कपडे धुवायच्या धोपाटण्याने मारलं होतं. माझ्या मूर्खपणांची मोजदाद करायला बसलात तर सकाळ उजाडेल, पण हा सगळ्यात वरचा. भूतखेत, बाहेरची बाधा असल्या गोष्टींना मी तेव्हा फिदीफिदी हसायचे. बी.एस्सी. होते ना मी! सेकंड क्लास... पण तोरा असा, की प्रयोगशाळा जशी काही माझ्या वडिलांनीच बांधली होती. नातवंडांना मी बाकी सगळ्या गोष्टी सांगते, ही नाही. इथे सांगते — तुम्ही निदान मध्येच वेफर्स मागणार नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मुलुंड पश्चिमेला, डोंगराकडे रस्ता संपतो तिथे आमचं तळमजल्यावरचं घर होतं. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, लोखंडी फाटक. पलीकडे बंद पडलेली दगडखाण. घरात आम्ही दोघं, देवगडच्या सासूबाई आणि पाच वर्षांची नंदू. ह्यांच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांचा अल्सेशियन आमच्या गळ्यात पडला. नाव सीझर. सासूबाईंचा 'शिजर'.

मला वाटलं, पोलिसी कुत्रा, आता चोरांची वाट लागली! पण हा आम्हालाच हाकायला लागला. मी गॅसपाशी, हे अंगणात पेपर वाचतायत, सासूबाई देवापाशी — हे त्याला सहनच व्हायचं नाही. पोटऱ्यांना नाकाने ढुशा देत सगळ्यांना एका खोलीत आणायचा. नंदू हटून बसली तर तिचं मनगट अलगद तोंडात धरायचा, दात न लावता. सगळे जमले की मोठ्ठा सुस्कारा टाकून उंबऱ्यात बसायचा, तोंड बाहेर करून. एकदा माझी भिशी होती. मी चहा घेऊन येते तर सगळ्या बायका लोखंडी कपाटाला चिकटून उभ्या, आणि समोर हा!

हे म्हणाले, "अगं, ही जात मुळात मेंढरं राखणारी. जर्मनीतला धनगर समज."

"मग द्या त्याला घोंगडं आणि काठी."

"हस तू. साहेब सांगत होते, कळपात परकी मेंढी घुसली तर हे कुत्रे तिला बरोबर ओळखून बाजूला काढतात."

"आपल्या घरात कुठली आलीय परकी मेंढी?"

सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "भायरसून इल्ली ती तूच मां!"

हे एवढे हसले की चहा सांडला.

नंदूला खेळून एकटं घरी येणं माहीतच नव्हतं. रोज कुणीतरी शेपूट बरोबर असायचंच. मी फाटक उघडून ओरडायचे, "असाल तेवढ्या आत या गं!" आणि प्रत्येकीच्या हातावर लाडू. सासूबाई करवादायच्या, "तिन्हीसांजेक असां मोघम कोणाक बोलवू नको गो. नावान हाक मार."

"आई, पोरीच आहेत. दारात हजेरी घेऊ का?"

त्या दिवशी सासूबाई भांडुपला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, हे अजून ऑफिसातून यायचे होते. दिवेलागणीची वेळ. नंदू खाणीच्या बाजूने येताना दिसली. एकटीच. उजव्या हातात चप्पल, डावा हात जरा बाजूला धरलेला. फाटकाशी आली मात्र, सीझर उडी मारून तिच्यासमोर आडवा! मानेवरचे केस उभे. ती पुढे सरकली की हा तिच्या डाव्या अंगाला घुसायचा, हवेत दात आपटायचा, पुन्हा गोल फिरून तिच्या मागे. नंदू रडायला लागली, "नको ना सीझर, नको ना!"

मी म्हटलं, झालं... कुत्रं पिसाळलं. धोपाटणं घेऊन धावले आणि दोन हाणले त्याच्या पाठीत. तो माझ्यावर गुरगुरलासुद्धा नाही. साखळीने खिडकीच्या गजाला बांधला, फाटक सताड उघडलं आणि नंदू एकटी असूनही सवयीने तोंडातून गेलं, "असाल तेवढ्या आत या गं!"

नंदू आली. उंबऱ्याशी क्षणभर बाजूला झाली, कुणाला आधी जाऊ द्यावं तशी. मी लाडवाचा डबा उघडला तर म्हणाली, "दोन दे." मी म्हटलं, हावरट मेली! बाहेर साखळी ताणून विव्हळणारा सीझर एकदम गप्प झाला.

रात्री ह्यांनी त्याला सोडला. त्याने नेहमीसारखं आम्हाला नाक लावलं, आणि उंबऱ्यात बसला... तोंड आत करून. कपाटाशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे एकटक बघत.

"तुझ्या धोपाटण्याने चौकीदार उलटा झाला बघ," हे म्हणाले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. दारातच थबकल्या. कुत्र्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. "कोणाक बोलवलंस?"

"कुणाला नाही हो."

त्यांनी आपलं अंथरूण नंदूच्या शेजारी नेलं. ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

नंदूला काही म्हणजे काही झालं नाही. साधा तापसुद्धा नाही. पण त्या कोपऱ्यात गेलेला तिचा चेंडू तिला कधी आणू दिला नाही सीझरने. तिच्या आणि त्या भिंतीच्या मधे कायम हा. आणि बाहेर तोंड करून तो पुन्हा कधीच बसला नाही.

काही वर्षांनी पार्ल्याला ब्लॉक घेतला. टेम्पोत सामान चढलं, आम्ही चढलो, सीझर येईना. ह्यांनी ओढत आणला, पट्ट्यातून मान सोडवून परत आत गेला. एक माणूस मागे राहिलेलं ज्याला खपायचं नाही, तो स्वतःच मागे राहिला. दार उघडं ठेवून, शेजाऱ्यांना सांगून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी हे आणायला गेले. रिकाम्या खोलीत, कोपऱ्याकडे तोंड करून तो गेलेला होता. अंगावर ओरखडा नाही. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेलही... मला अजून काही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात नंदू माहेरपणाला आली होती. ती आता पंचेचाळिशीची. जुने फोटो काढले, त्यात सीझर निघाला. मी आपली हसत म्हणाले, "काय वेडं कुत्रं गं, तुलाच घरात घेईना!"

नंदू हसली नाही. फोटो तसाच हातात धरून म्हणाली, "आई, तो मला कुठे अडवत होता? माझा हात धरून आली होती तिला अडवत होता. ती बिचारी फाटकाशीच थांबली होती गं. तूच म्हणालीस ना, असाल तेवढ्या आत या."