आतोबांच्या खिशातला कागद

रोहे-अष्टमीत जिवंत माणसाच्या तोंडावर त्याची श्रद्धांजली वाचून दाखवणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या नात्यातला निघाला. माझ्या आत्याचे यजमान. घरात सगळे त्यांना आतोबा म्हणत. गावात शक्यतो त्यांचं नाव घेत नसत. ते कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत राहत आणि दुपारी चारच्या सुमाराला पूल ओलांडून रोह्यात येत. हातात बारा महिने काळी छत्री, तिच्या लोखंडी टोकाचा दर दुसऱ्या पावलाला टक् असा आवाज, आणि पातळ सदऱ्याच्या खिशात चार घड्या घातलेला फुलस्केप कागद. छत्री वाजली की पुलाच्या तोंडाशी असलेल्या दुकानांतलं बोलणं थांबे. वाण्याच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राही. सगळ्यांचे डोळे आधी त्यांच्या खिशाकडे जात. खिसा रिकामा दिसला की पोह्यांचं वजन पुन्हा सुरू होई. भरलेला दिसला की ते कुठल्या आळीत वळतात याकडे बाजार श्वास रोखून बघत असे. आणि ते ज्या आळीत वळत तिथली दारं भर उन्हात, एकामागून एक, आवाज न करता लागत.

आतोबांनी छत्तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात घालवली होती. पहिली दहा पेणला, बाकीची रोह्याला. "नाव, वय, कारण, तारीख, सगळ्याला रकाना आहे," ते म्हणत. "माणूस कसा होता, याला नाही." मेल्यावर पुढे काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि विश्वास नसल्याचा अभिमानही नव्हता. खिडकीतून बघून नदीला पूर नाही असं सांगावं तसं ते सांगत: "पुढे काही नाही रे. मी नोंद करून वही मिटायचो. छत्तीस वर्षांत मयतांपैकी एकही जण दुरुस्तीला आला नाही."

तरीही शोकसभांना ते नेमाने जात. आमच्याकडच्या शोकसभा म्हणजे सतरंजी, हार घातलेला फोटो आणि मयताचं नाव चिठ्ठीत बघून घेणारा अध्यक्ष. पेणपासून रोह्यापर्यंत आजवर मेलेला प्रत्येक माणूस अजातशत्रू होता. शत्रू असलेली माणसं आमच्या भागात बहुधा मरतच नाहीत. अशाच एका सभेत एक पुतण्या आपल्या काकांवर पाऊण तास बोलला. आतोबा मागच्या रांगेतून उठले. "हे तू त्याला कधी सांगितलं होतंस?"

"काकांचा आत्मा ऐकतो आहे," पुतण्या म्हणाला.

"त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तो होता तेव्हा तू कधी त्याच्या उजव्या बाजूला बसला नाहीस. आता कान जाळून आल्यावर बोलतोस."

सभा तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी आतोबांनी दस्ताभर फुलस्केप आणला.

पहिला कागद पेणकडच्या खारपट्ट्यातल्या एका सुईणबाईचा होता. मी तेव्हा पेणच्या शाळेत शिकवत होतो, त्यामुळे एसटीने आतोबांना घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे आलं. दुपारची वेळ. मिठागरं पांढरीफटक पडलेली, कुठे सावली नाही, पक्ष्याचा आवाज नाही. म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. आतोबा तिच्यासमोर उभे राहिले, कागद उलगडला आणि शांतपणे वाचू लागले, "सुईणबाई गेल्या." समोर गेलेल्या बाई सुपातला खडा वेचून बाजूला टाकत होत्या.

"माजं मयत आताच वाचतंव व्हय?" ती मान वर न करता म्हणाली. "वाचा. मेल्यावर मना कुठं ऐकू येनार हाय."

त्यांनी वाचलं. कुणाकुणाच्या नाळा तिने कापल्या ते. ती बोलायची कमी आणि रागवायची जास्त ते. उधाणाचं पाणी घरात शिरलं तेव्हा बाळंतिणीला पाठीवर घेऊन तिने बांध कसा गाठला आणि मूल तिथेच कसं जन्मलं ते. इथे म्हातारीचा हात थांबला. "त्या पोरीचं तुमाला कोन बोललं?"

"नोंदीत जन्माचं ठिकाण 'बांध' लिहिलंय. मीच लिहिलंय."

"ता परत वाचा," ती म्हणाली. आतोबांनी ती ओळ परत वाचली, आणि तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. आठव्या दिवशी ती गेली.

ऐंशीच्या पुढची बाई जायचीच, पण हे कोणी लक्षात घेत नाही. त्यानंतर पोह्याच्या गिरणीतल्या एका म्हाताऱ्या हमालाने आपला कागद ऐकला आणि पंधरा दिवसांत तोही गेला. मग मात्र छत्रीच्या आवाजाला अर्थ आला. अपवाद एकच. एका पुढाऱ्याने निरोप पाठवून, मांडव घालून, लाउडस्पीकर लावून स्वतःचा कागद वाचून घेतला. आतोबांनी तीन ओळी वाचल्या: "त्यांना आंबे आवडत. ते कुठेही वेळेवर आले नाहीत. एकदा नदीत उतरून त्यांनी बुडणारं वासरू बाहेर काढलं, तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं." पुढारी अजून धडधाकट आहेत. तीन ओळींनी माणूस मरत नाही, असा शोध गावाने लावला.

मी या सगळ्यांना हसत असे. पत्रिका, मुहूर्त, नजर यांतलं आपण काहीच मानत नाही, हे मी न विचारताही सांगत असे. मग माझी आई आजारी पडली. एका दुपारी चार वाजता छत्री रोह्यातल्या आमच्या आळीत वळली आणि आमच्या दाराशी येऊन थांबली. आतोबांचा खिसा फुगलेला होता; एरवी एक कागद असे, त्या दिवशी दोन होते. मी दारात उभा राहिलो आणि माझा हात आपोआप चौकटीवर गेला.

"आई झोपलीय, आतोबा."

आत आई भिंतीला टेकून जागी बसली होती. आतोबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता. छत्री टक् टक् करत आळीच्या तोंडापर्यंत गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

"कोण होतं रे?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"छत्री वाजली ना." तिने दाराकडे पाहिलं. "काय लिहिलं होतं त्यांनी, ऐकलं असतं."

महिन्याभरात आई गेली. बाराव्याला जेवायला आलेले लोक तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. ते ऐकायला मी होतो, ती नव्हती. मी आतोबांकडे ते दोन कागद मागितले. "बंबात घातले," ते म्हणाले. "ते तुझ्यासाठी नव्हते."

पुढे दोन वर्षांनी आतोबाच अंथरुणाला खिळले. मी आठवडाभर लिहीत आणि खोडत होतो, शेवटी अकरा ओळी उरल्या. त्या खिशात घालून मी पूल ओलांडला. दार आत्याने उघडलं. तिचे डोळे खिशाकडे गेले आणि तिचा हात चौकटीवर गेला, अगदी माझा गेला होता तसा.

"आज नको रे. झोपलेत ते."

तेवढ्यात आतून जमिनीवर लोखंड आपटल्याचा आवाज आला. टक्. खाटेवर आतोबा छत्री हातात धरून पडले होते. चेहरा ओळखू न येण्याइतका लहान झालेला, डोळे तेवढे पूर्वीचे.

"किती ओळी?"

"अकरा."

"मग बस. उजव्या बाजूला बस."

पहिलं वाक्य होतं, "आतोबा गेले." ते माझ्या तोंडातून निघेना. मी काहीच न मानणारा माणूस. तरी मला वाटत होतं की हे दोन शब्द उच्चारले की खोलीतली हवा बदलेल आणि पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही. मागे आत्या दारातच उभी होती. आतोबा वाट बघत होते. मी वाचलं.

"पस्तीस नाही, छत्तीस वर्षं," त्यांनी तिसऱ्या ओळीला अडवलं. नंतर अडवलं नाही. शेवटची ओळ अशी होती: "त्यांच्यामुळे काही माणसांना आपण कसे जगलो ते वेळेवर ऐकायला मिळालं, माझ्या आईला मिळालं नाही, ते माझ्यामुळे."

त्यांनी कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "ओळ ठेव. 'ते माझ्यामुळे' काढ."

"खरं आहे ते, आतोबा."

"खरं आहे. पण कागद माझा आहे."

मी खोडलं. त्यांनी कागद हातात घेऊन खोडलेलं नीट तपासलं, जसं नोंदवहीत तपासत असतील तसं, आणि छत्री माझ्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवशी ते गेले. शोकसभा झाली नाही; घेण्याची कोणाची छाती झाली नाही. पण चारच्या सुमाराला पुलावर अजूनही छत्री वाजते, असं अष्टमीत सांगतात. दोघातिघांनी आतोबांना पाठमोरं पाहिलंही आहे. छत्री माझ्या हातात असते, हे मी कोणाला सांगायला जात नाही. उगाच कशाला.

गेल्या आठवड्यात असाच पूल उतरून अष्टमीत शिरलो. कोपऱ्यावरच्या वाण्याचा तराजू हवेत थांबला. आत्याने दार उघडलं आणि माझ्या खिशाकडे पाहिलं. हात चौकटीवर गेला.

"किती ओळी?"

"तीनपेक्षा जास्त."

ती तशीच उभी राहिली. वाण्याकडचं बोलणं अजून सुरू झालेलं नव्हतं. मग तिने चौकटीवरचा हात काढला.

"आत ये. चहा टाकते आधी," ती म्हणाली. "आणि सावकाश वाच हां. मला हल्ली कमी ऐकू येतं."