नाखव्याची शिशाची कढई

शिसं वितळताना फार सुंदर दिसतं, हे आधी कबूल करतो. काळपट, कुरूप पत्रे कढईत पडतात आणि थोड्याच वेळात त्यांची चांदी होते. वरची साय पळीने बाजूला सारली की खाली आरसा. रेवदंड्यात आमच्या शेजारच्या नाखव्याच्या पडवीत हा खेळ मी लहानपणापासून दर पावसाळ्यात पाहत आलो आहे, तोही खूश होऊन. त्यामुळे पुढे मी ज्यांना शिव्या घालणार आहे त्यांत माझा नंबर कितवा, ते तुम्हीच ठरवा.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, आणि घरोघरी जाळी दुरुस्त होत असतात. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी ओवावे लागतात, नाहीतर जाळं पाण्यात उभंच राहत नाही. हे मणी बाजारात तयार मिळतात. पण नाखव्याकडे आजोबांचा लोखंडी साचा आहे, आणि त्याच्या मते बाजारातलं शिसं म्हणजे नुसता पोरखेळ. म्हणून तो मेलेल्या बॅटऱ्या गोळा करतो. कोयत्याने त्यांची डोकी फोडायची, आतलं जहाल पाणी परसातल्या माडाच्या बुंध्याशी ओतायचं आणि पत्रे कढईत टाकायचे. त्या माडाला गेली काही वर्षं नारळ लागत नाही. नाखवा म्हणतो, कुणाची तरी दृष्ट लागली.

आता बॅटऱ्या कोण देतो? मी देतो. माझा धंदा मंडप आणि माइकचा. हळदी, साखरपुडे, पूजा, भजनं, उद्घाटनं. जिथे चार माणसं जमतात तिथे माझा भोंगा असतो. वीज गेली तर वरमाय रुसू नये म्हणून बॅटऱ्या ठेवाव्या लागतात, आणि त्या मरतात. नवी घेताना अलिबागचा दुकानदार दरवेळी म्हणतो, "शेठ, जुनी परत आणा, आम्ही कारखान्याला पाठवतो." मी म्हणतो, "राहू दे, शेजारी मागतो." शेजारी बदल्यात सुक्या बोंबलांची जुडी देतो. दुकानदाराकडे बोंबील नसतात.

याहून मोठं पाप पुढे आहे. गेल्या वर्षी आमच्या पंचायतीने जुन्या मोबाइलसाठी आणि सेलसाठी एक हिरवी पेटी बसवली. उद्घाटनाचं निवेदन कोणी केलं असेल? शिसं माणसाच्या रक्तात कसं जातं, पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत कसं पोचतं, असा एक छापील कागद मला दिला होता. तो मी आवाजात कंप आणून वाचला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला धन्य वाटलं. त्या पेटीची फट एवढीच की मोबाइल जाईल, बॅटरी जाणार नाही. चावी कोणाकडे आहे ते अजून कोणाला माहीत नाही. आत सध्या गुटख्याच्या पुड्या आहेत आणि एक चप्पल आहे.

तर यंदा जुलैत नाखव्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा लागला होता. माझ्या बायकोने तिच्यासाठी नारळाच्या दुधातल्या शेवया केल्या आणि डबा देऊन मला पिटाळलं. पाऊस आडवा लागत होता. नाखव्याच्या पडवीला तिन्ही बाजूंनी निळं प्लास्टिक बांधलेलं. ते उचलून मी आत गेलो आणि माझा घसाच धरला. आत धूर कोंडला होता. मधोमध चुलीवर कढई. नाखवा साच्यात शिसं ओतत होता. आणि त्याच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून, पोरगी मणी ओवत बसली होती. पोटावर जाळं पसरलेलं, तोंडाला ओढणी.

मला माझाच आवाज ऐकू आला, भोंग्याशिवाय.

"नाखवा, अक्कल विकलीस काय रे! विझव ती चूल!"

"आलास? बस. चाय घेतंस?" नाखवा वर न बघता म्हणाला.

"चहा गेला खड्ड्यात! पोर पोटुशी आहे!"

"माजी आय याच पडवीत सात येला बालतीन झाली."

"आणि जगले किती?"

हे बोलायला नको होतं. पळी थांबली. सातांतले तीनच जगले, हे सगळ्या आळीला माहीत आहे. ते शिशाने गेले की आणखी कशाने, हे कोणालाच माहीत नाही. मला तर नाहीच. पण रागात माणूस हाताला लागेल ते फेकतो.

नाखवा उठला. कोपऱ्यातून फुटलेल्या बॅटरीचं रिकामं खोकं उचलून त्याने माझ्या पायाशी आपटलं. त्यावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं होती. माझ्या मंडपाचं नाव. ते मी स्वतः रंगवतो, लग्नघरातून चोरीला जाऊ नये म्हणून.

"वलखलास काय? शिमग्याला तूच आणून टाकलीस. बोंबील खाताना नाय कललं पोर पोटुशी ती?"

मी रागावलेला होतोच. आता भडकलो. आपण चूक आहोत हे कळल्यावर माणसाला जो राग येतो, त्याच्यापुढे खऱ्या रागाची काय मजाल! मी पंचायतीला शिव्या दिल्या, हिरव्या पेटीला दिल्या, आजोबांच्या साच्याला दिल्या. त्या कागदातली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. नाखवा म्हणाला, "बेस बोलतंस. हलदीला बोलवीन तुना."

"काका," पोरगी म्हणाली. ओढणी खाली करून ती हळूच उठली. "तुमचं ओरडून झालं काय? मी आल्या दिवसापासून सांगते बाबांना. ते मला म्हणतात, आत जाऊन बस. आत काय वेगळी हवा आहे? कौलांतून हाच धूर येतो." मग ती बापाकडे वळली. आवाज चढवला नाही. "बाबा, कढई उतरवा. नाहीतर मी उद्या सासरी जाते. पहिलं बाळंतपण तिकडेच करीन."

आमच्याकडे याचा अर्थ काय होतो, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं. मुलगी सातव्यात येऊन परत गेली, तर बापाला तिचं दोन वेळचं जड झालं, असंच आळी म्हणणार. नाखव्याने इतकी वर्षं दर्याला तोंड दिलं असेल, पण त्याचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने दारात आलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं, तर तिने लेकीच्या बॅगेकडे बोट केलं. पोरीने ती आधीच भरून ठेवली होती.

नाखव्याने चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि पागोळीखाली टाकली.

"आणि काका, त्या कोपऱ्यातल्या चार उचला," पोरगी म्हणाली. "तुमच्याच हायत."

चार बॅटऱ्या मी आणि नाखव्याने रिक्षात चढवल्या. त्या अलिबागला नेल्या. दुकानदाराने बॅटऱ्या उतरवून घेतल्या. शेजारच्या जाळ्यांच्या दुकानात नाखव्याने तयार मण्यांची थैली हातात घेऊन वजन केलं, तोंड वाकडं केलं आणि घेतली. पडवी तीन दिवस धुतली. डॉक्टरांनी पोरीचं रक्त तपासायला पाठवलं. शिसं होतंच, असायला हवं त्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, धूर थांबवलात ते बरं केलंत, बाळावर मात्र पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल.

मुलगी झाली. गोरीपान, घरात कोणाचं ऐकून न घेणारी. बारशाला माइक माझाच होता, फुकट. पाळण्याची गाणी संपली, घुगऱ्या वाटल्या आणि नाखवा नातीला खांद्यावर घेऊन हसत माझ्याजवळ आला.

"बग माइकवाल्या, कशी ठनठनीत हाय. उगीच बोंबललास."

मी तोंडातल्या घुगऱ्या गिळल्या, द्रोण खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, पोर तिच्या आईकडे दे आणि बाहेर ये. बाहेर जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. पाळण्यापर्यंत ऐकू गेलं, असं बायको म्हणते. नाखवा अजून माझ्याशी बोलत नाही.