लांबडी रोपं आणि अक्कांचे दात

माझं अक्षर चांगलं नाही, ते आधीच सांगते. चौथीनंतर हातात पेन आलं ते टॉवेलचे डझन मांडायला आणि सही करायला. शब्द चुकले असतील, ओळ खाली उतरली असेल, तर ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं माफ करावं. पडू नये असंच वाटतं. पुढच्या पानांवर टॉवेलचा हिशेब आहे, म्हणून मी मागच्या बाजूनं लिहिते आहे. बोलायचं म्हटलं की मी दारातूनच परत फिरते. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही, हे बरं.

लिहायचं आहे ते रोपांचं.

आम्ही सोलापुरात पत्र्याच्या घरात राहतो. एक खोली, गल्लीकडे एक खिडकी, दाराबाहेर दोन पायऱ्या. भिंतीला भिंत लागून माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांना मी अक्का म्हणते. आमचे हे यंत्रमागावर रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. गेल्या वर्षी होळीनंतर काम कमी झालं, आठवड्याला येणारा गठ्ठा पंधरा दिवसांनी यायला लागला. तेव्हाच माझ्या नणंदेचा फोन आला. त्यांना उजनीच्या पाण्याकाठी एका गावात दिलंय. घरची केळीची बाग आहे आणि गावात बायकांचा बचत गट आहे.

"वैनी, आमच्या गटातल्या बायकांना परसात लावायला टमाट्याची अन् मिरचीची रोपं पायजेत. पाऊस पडायच्या आत. तुझ्या हाताला गुण हाय, तू कर की. पैसे देऊ, फुकट न्हाय."

हाताला गुण म्हणजे काय, तर पायरीवर तेलाच्या डब्यात लावलेली माझी एक मिरची तीन वर्षं जगली होती. मी 'व्हय' म्हणाले, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

ट्रे, नारळाचा भुसा आणि बियांची पाकिटं मिळून अडीच हजार लागणार होते. ते अक्कांनी दिले. आता अक्कांचं सांगायला हवं. अक्का कडक भाकरी करून हॉटेलवाल्यांना विकतात. बाजरीची, ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि कडकडीत. पण त्यांचे वरचे पुढचे चार दात गेलेले, त्यामुळे स्वतःची भाकरी त्या आमटीत बुडवून मऊ करून खात. हसायचं झालं की आधी पदर तोंडावर जाई, मग हसू येई. ज्येष्ठात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. त्याआधी दात बसवायचे म्हणून दोन वर्षं त्यांनी ज्वारीच्या डब्यात पैसे साठवले होते. डबा उघडून त्यांनी ते माझ्या हातात दिले.

"लग्नाच्या आधी दे म्हंजे झालं," त्या म्हणाल्या. "तिकडं समदे फोटो काढत्यात. बोळकं घिऊन हुभी ऱ्हायची न्हाय मी."

पाडव्यानंतर आठ दिवसांनी मी बी टाकलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात घर सकाळी नऊला बंद होतं. दार लोटायचं, खिडकी लावायची, तिच्यावर ओला टॉवेल टांगायचा. संध्याकाळी सहाशिवाय उघडायचं नाही. ऊन घरात शिरलं की रात्री अकरापर्यंत निघत नाही, हे लहान पोरालाही कळतं. त्यात हे दिवसा झोपायचे. मग मी ट्रे कुठे ठेवले? सगळ्यात गार जागी, पलंगाखाली. वरून चादर खाली सोडली, म्हणजे झळ लागायला नको. माणसाला जे सोसत नाही ते एवढ्याशा जिवाला कसं सोसेल, असा माझा विचार.

पाचव्या दिवशी टोमॅटो उगवला. मिरची थोडी मागून आली. मी सकाळ-संध्याकाळ पलंगाखाली वाकून बघायची. दोन दिवसांत रोपं बोटभर झाली. चार दिवसांत दोन बोटं. एवढी भराभर वाढताना मी कधी काही बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी स्वतःहून अक्कांना हाक मारली.

"अक्का, बघा तरी, किती उंच झाली."

अक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "उंच हायत खरं. पर रंग असा का गं? मुगाच्या मोडासारका?"

मला तो शब्द आवडला नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी घातलं आणि रोपं सगळी एका अंगावर आडवी झाली. दोऱ्यासारखं पांढरं खोड आणि टोकाला दोन पानं. एक उचलून धरलं, सोडलं, परत पडलं. मी चादर खाली सोडली आणि दुपारभर टॉवेल शिवत बसले. शिलाई तीनदा उसवावी लागली.

संध्याकाळी हे उठले तेव्हा यांच्या मोबाइलवरून फोटो काढून नणंदेला पाठवला. लगेच फोन आला. आधी नुसतं हसणं. मग म्हणाल्या, "वैनी, रोपं केलीस का शेवया केल्यास? आगं कुटं ठिवलीस?"

"पलंगाखाली. ऊन लागू नये म्हणून."

"अंधारात ठिवल्यावर उजेड हुडकत माना ताणत्यात ती. सारा जोर लांब व्हण्यात गेला, खोडात काय ऱ्हाणार? आता ऐक. टमाटा काढ अन् दुसऱ्या मातीत पार गळ्यापतोर पूर. पानं तेवडी वर ठिव. पुरलेल्या खोडाला मुळ्या फुटत्यात. मिरचीला मात्र तसं पुरू नको, कुजंल ती. तिला उजेड दे, वारं दे अन् पाणी कमी घाल."

मिरचीचं सांगायला त्यांना उशीर झाला होता. फोन यायच्या आधीच मी एक ट्रे मिरचीची खोडं भुसा लोटून झाकली होती. त्यातली बहुतेक पुढे गेलीच. ते मी कोणाला सांगितलं नाही, इथेच लिहिते आहे.

टोमॅटो गळ्यापर्यंत पुरायचा तर ट्रेचे खण पुरणार नव्हते. खोल काहीतरी हवं, आणि शेकड्यानं. पैसे संपले होते. चौकातल्या चहाच्या टपरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या पोत्यात भरलेल्या मी बघितल्या होत्या. मागायच्या म्हणून गेले. टपरीवाल्यानं विचारलं, "चहा?" मी मान हलवली. चहा प्यायले, पैसे दिले, घरी आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कप ठेवताना तोच म्हणाला, "मावशी, तुमी रोज चहा पिताय पर त्वांड असं करताय, जसा काय मी काढा पाजलाय. काय पायजे?"

"पिशव्या," मी म्हणाले.

"कसल्या?"

"दुधाच्या. रिकाम्या."

"एवढंच? आवो, न्या की पोतं उचलून. माझी जागा मोकळी हुईल."

पोतं डोक्यावर घेऊन आले. पिशव्या धुतल्या, अर्ध्यावर कापल्या, तळाला दाभणानं भोकं पाडली. कालवायला शेणखत अक्कांनी ओळखीच्या गोठ्यातून आणलं. दोन दिवस आम्ही दोघी पायरीवर बसून एकेक रोप लावत होतो. चमच्याच्या दांड्यानं मुळाखालून उचलायचं, खोडाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड दबलं तर रोप गेलं. हे मला दहा-बारा मेल्यावर कळलं.

"लाव लाव, नीट लाव," अक्का म्हणायच्या. "माजं दात पेरलंस तू पिशव्यांत. एकबी वाकडा उगवला तर बगते."

आता उजेड द्यायचा तर खिडकी उघडी ठेवायला हवी. यांना कसं सांगावं ते कळेना. रात्रभर मागाच्या खडखडाटात उभं राहिलेलं माणूस, दिवसा अंधार नसेल तर झोपणार कसं? दोन दिवस नुसती खिडकीची कडी काढायची आणि परत लावायची. तिसऱ्या दिवशी यांनीच उठून खिडकी सताड उघडली. एक टॉवेल माठाखालच्या पाण्यात बुडवला, पिळला, डोळ्यांवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पंखा एकच आहे, टेबलावरचा. तो फिरता ठेवला तर वारं एकदा यांच्यावर, एकदा रोपांवर. मी तो रोपांकडून यांच्याकडे वळवायला गेले.

"तिकडंच ऱ्हाऊ दे," टॉवेलाखालून आवाज आला. "मला घाम आला तर मी कूस बदलीन. त्यास्नी कुटं जाता येतंय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

सकाळी उजाडल्यापासून ऊन चटका देईपर्यंत पिशव्या पायरीवर ठेवायच्या. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग रोज जरा जास्त. शेळ्या येतात म्हणून तिथेच बसून शिवायचं. ऊन वाढलं की आत, खिडकीजवळ. रोपं उजेडाकडे झुकली की पिशवी फिरवून ठेवायची. पाणी वरची माती सुकल्याशिवाय नाही. आणखी एक गोष्ट नणंदेनं सांगितली होती, की रोपांच्या शेंड्यांवरून रोज हलका हात फिरव, वाऱ्यात हलल्यासारखं झालं की खोड जाड होतं. माझे हात शिवणकामानं खरखरीत झालेले. मग मी टाकाऊ टॉवेलाच्या दशा घेतल्या आणि त्या शेंड्यांवरून ओढत नेऊ लागले, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. गल्लीतल्या बायका बघून हसायच्या. एकदा मी माल पोचवून परत आले तर पायरीवर अक्का बसलेल्या, पीठ लागलेल्या हातात माझा टॉवेल, आणि त्या रोपांवरून दशा फिरवत होत्या.

"काय करताय अक्का?"

"काय न्हाय. दात घासतेय."

आणि पदर शोधायच्या आत त्यांना हसू आलं.

पुरल्यानंतर बाराव्या दिवशी बियांच्या दोन पानांनंतरचं पहिलं खरं पान हिरवं आलं. हिरवं म्हणजे काळपट हिरवं, मुगाच्या मोडासारखं नव्हे. मी एक पिशवी फाडून बघितली. पुरलेल्या खोडाला चहूबाजूंनी पांढऱ्या मुळ्या होत्या. जे दोऱ्यासारखं लांब वाढलं होतं तेच आता खाली मूळ होऊन बसलं होतं. मी ती पिशवी अक्कांना दाखवली, यांना उठल्यावर दाखवली, आणि टपरीवाल्यालाही न्यायची होती पण लाज वाटली.

मृगाच्या चार दिवस आधी नणंदेचे मालक केळी उतरवून परत जाताना टेंपो घेऊन आले. केळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये रोपं बसवली. टोमॅटो चांगला भरला, मिरची कमीच होती. मला वाटलं पैसे मिळतील, पण त्यांनी मान खाजवली. नणंदेनं तो पहिला फोटो गटातल्या सगळ्या बायकांना दाखवला होता, हसायला म्हणून. आता बायका म्हणत होत्या की निम्मे पैसे आता, निम्मे रोपं धरल्यावर.

चूक माझीच होती, त्यामुळे राग कोणावर काढणार. मिळाले ते पंधराशे तसेच अक्कांच्या ओट्यावर ठेवले. लग्नाला नऊ दिवस होते.

"अक्का, हजार राहिले. लग्नाच्या आत होत नाहीत." एवढं एक वाक्य बोलायला मी भिंतीपलीकडे दोनदा जाऊन परत आले होते.

अक्कांनी पैसे कमरेला खोचले. "चल," म्हणाल्या. दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी सांगितलं, "हे घ्या पंधराशे. बाकीचं हजार माजी धाकटी जाऊ दील. तिची रोपं धरली की." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. कसं कोण जाणे, त्या 'बरं' म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी दात मिळाले. फोटोत अक्का नवरीच्या शेजारी उभ्या आहेत, पदर खांद्यावर नीट, आणि दातांशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी फोटोत नाही, मी अक्षता वाटत होते. पण माझं सगळं लक्ष पाऊस पडतो का, पडला तर रोपं सडतात का, इकडेच होतं.

आषाढात नणंदेचा फोन आला. यावेळी हसणं नव्हतं. "वैनी, खोडं कांडीयेवडी जाड झालीत. आमच्या इकडची इकत आणलेली पडली, तुजी एक पडंना. बायका इचारत्यात फुडच्या साली करतीस का."

"पलंगाखाली नाही ठेवणार," मी म्हणाले, आणि त्या हसल्या तेव्हा मीही हसले.

श्रावणात उरलेले पैसे घेऊन नणंद स्वतः आल्या. त्यातले हजार मी अक्कांकडे नेले. एक रोप मी पायरीवरच्या डब्यात ठेवून घेतलं होतं, त्याचा पहिला टोमॅटो त्या विळीवर चिरत होत्या.

"दात आहेत की आता, चावून खा," मी म्हणाले.

"डाक्टरनं सांगितलंय, फुडच्या दातानं तोडायचं न्हाय. हे नुस्तं हसायला हायत." त्यांनी अर्धा टोमॅटो मीठ लावून माझ्या हातात दिला आणि पदराला हात पुसून नोटा मोजल्या. दुपारी आम्ही दोघी दवाखान्यात जाऊन ते हजार भरून आलो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, पूर्ण मिळाले. ते मी वाचून अक्कांना सांगितलं.