यंत्राला कान लावणारे शेखसर

संगणक अडला की शेखसर आधी कळफलकाला हात लावायचेच नाहीत. चष्मा काढून ते डब्याला कान लावायचे आणि हार्ड डिस्कची घरघर ऐकायचे. आम्ही हसलो तर म्हणायचे, "डॉक्टर न्हाय का आधी छाती ऐकत?"

लोणी देवकरच्या एका कारखान्यात ते संगणक विभाग सांभाळायचे. मी काटेवाडीहून यायचे. माझी पहिलीच नोकरी. मालाच्या नोंदींचा प्रोग्राम मी लिहिला होता. विंडोज एनटीच्या त्याच संगणकावर बाहेरून आणलेला वजनकाट्याचा प्रोग्रामही चालायचा. दुपार झाली की यंत्र रांगायला लागायचं आणि गेटवर ट्रक तुंबायचे.

एकदा मॅनेजरनी टास्क मॅनेजर उघडला. मेमरीच्या रकान्यात माझ्या प्रोग्रामचा आकडा सगळ्यात मोठा. "हिचा प्रोग्राम बंद करा, आणि हिलाही घरी पाठवा," ते म्हणाले.

सर उठले. "साहेब, आत्ता रॅममधी कोण किती बसलंय, एवढंच हा आकडा सांगतो. कुणी एकूण किती मागून ठेवलंय, ते दुसऱ्या रकान्यात असतंय." त्यांनी तो रकाना दाखवला. काट्याचा प्रोग्राम रॅममध्ये इवलासा, पण त्याची मागणी माझ्या कितीतरी पट. सरांनी मला दर तासाला दोन्ही आकडे लिहायला लावले. माझा जागच्या जागी राहिला, त्याचा चढतच गेला. घेतलेली जागा तो सोडतच नव्हता. रॅममध्ये जे मावत नव्हतं, ते विंडोज डिस्कवर ढकलत होतं. घरघर त्याचीच होती.

"पोरीचा दोष न्हाय. मी लिहून देतो."

काट्याचा प्रोग्राम मॅनेजरच्या मेहुण्यानं पुरवला होता, हे सरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सही केली. माझी नोकरी राहिली. सरांना मात्र स्टोअरमध्ये बसवलं, आणि दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला.

"सर, माझ्यामुळं झालं हे."

"येडी का तू? खरं हाय ते सांगितलं. रमजान ईदेला इंदापूरला घरी ये, शीरखुर्मा खायला."

जाईन जाईन म्हणता दोन ईदा गेल्या. तिसरीला गेले. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. सर चार महिन्यांपूर्वीच वारले होते. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"तुमी काटेवाडीच्या का? अब्बा दोन्ही ईदेला एक वाटी झाकून ठेवायचे. म्हणायचे, गाडी उशिरा येते तिकडची."