मोतीलालनं हातानं लिहिलेली ओळ

मोतीलाल वासनिक बालाघाटच्या एका नर्सिंग शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षांपासून आहे. लागला तो टायपिस्ट म्हणून. पुढं प्रिंटर अडला की मोतीलाल, नेट गेलं की मोतीलाल, असं करत करत संस्थेच्या कटंगी अन् लालबर्ऱ्याच्या ऑफिसांतूनही त्यालाच बोलावणं येऊ लागलं. माणूस कामाचा, पण राग नाकावर. ‘तुम्हाला जमेल का?’ असं कोणी विचारलं की झालंच मग.

त्या शुक्रवारी दुपारी पावणेचारला त्याच्या टेबलासमोर दीपिका रामटेके बसली होती. कटंगीकडची पोर, दुसऱ्या वर्षाची. सोमवारी परीक्षा, आणि परीक्षेच्या यादीत तिचं नावच नाही! चूक शाळेच्या क्लार्कची. परीक्षा मंडळ दुरुस्ती घ्यायला तयार होतं, पण पाचच्या आत आणि शाळेच्याच ईमेलवरून. नाहीतर पोरीचं वर्ष गेलं. आणि ईमेल सकाळपासून ठप्प. संस्थेनं आदल्या दिवशी सर्व्हर बदलला होता, आणि ही मेल या ऑफिसच्या कॉम्प्युटरशिवाय दुसरीकडं उघडायची मनाई होती.

मोतीलालनं मेलचं जुनं खातं काढून नवीन घातलं. पत्ता, पासवर्ड, सर्व्हरचं नाव. चार वेळा घातलं. चारही वेळा तेच उत्तर, सर्व्हरशी जोडता येत नाही. गुगल उघडत होतं, बातम्या उघडत होत्या, हीच एक मेल तेवढी रुसून बसली होती.

नागपूरच्या मुख्य ऑफिसातल्या अनयला फोन लावला, तर तो पोरगा म्हणतो, काका, स्पेलिंग नीट बघा. मोतीलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पेलिंग म्हणे! तरी त्यानं एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. अनयनं मग त्याला त्या नावाचा नंबर कोणता येतो ते बघायला लावलं. कारण कॉम्प्युटरला नाव कळत नाही. फोनमध्ये आपण नावानं सेव्ह केलेला माणूस असतो, आत असतो नंबर, तसंच ते. मोतीलालनं नंबर वाचला.

“काका, हा तर जुन्या सर्व्हरचा नंबर आहे. तुमच्या मशीनला हा देतंय कोण?”

ते मोतीलालला तरी कुठं ठाऊक! कॉम्प्युटरनं साठवलेले नंबर पुसले, राउटर बंद करून चालू केला, कॉम्प्युटर दोनदा रीस्टार्ट केला. नंबर जुना तो जुनाच. सव्वाचार झाले. प्राचार्य पुष्पलता मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. दीपिका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. एकदाच तिनं हळूच विचारलं, “होईल न सर?” त्यानं हौ म्हटलं खरं, पण नजर घड्याळावर होती.

मग त्यानं बाकीच्या ऑफिसांना फोन फिरवले. बिरशाच्या ऑफिसातली गीता म्हणाली, आमची मेल सकाळपासून मस्त चालू आहे. कटंगीची बंद. लालबर्ऱ्याची बंद. त्यानं फोन ठेवला आणि विचार करत बसला. बिरशाला काय आहे जे इथं नाही? नेट तर उलट तिथंच रडतखडत चालतं. तिथं तो कधी गेलाच नव्हता. कटंगीला गेला होता. लालबर्ऱ्याला गेला होता.

आणि त्याला ते आठवलं.

सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरला सर्व्हरच्या नावाचा नंबरच सापडेनासा झाला होता, आठ दिवस. तेव्हा मोतीलालनं कॉम्प्युटरच्या पोटातली एक फाइल उघडून सर्व्हरचं नाव आणि नंबर आपल्या हातानं लिहून टाकला होता. मेल धडाधड सुरू! मग कटंगीला जाऊन तेच, लालबर्ऱ्याला तेच. त्याबद्दल सव्वीस जानेवारीला त्याला शाल मिळाली होती, तो फोटो अजून मॅडमच्या खोलीत आहे. आठ दिवसांनी सगळं सुरळीत झालं, पण ती ओळ पुसायची राहिली, आणि सर्व्हर बदलेपर्यंत नंबर तोच असल्यानं कोणाला कळलंही नाही. कॉम्प्युटर बाहेर विचारतच नव्हता, मोतीलालनं लिहून ठेवलेलं तेच खरं मानून चालला होता.

चार त्रेचाळीस. त्यानं फाइल उघडली. ओळ तिथंच होती. पुसली, फाइल जतन केली, खातं पुन्हा घातलं. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरलं, फिरलं, आणि मेल उघडली. चार एक्कावन्नला दुरुस्तीचं पत्र गेलं. मंडळाची पोच यायला आणखी सहा मिनिटं लागली, ती कशी गेली ते त्यालाच माहीत.

दीपिका रडायलाच लागली. मॅडम म्हणाल्या, “मोतीलालजी, तुमच्यामुळं पोरीचं वर्ष वाचलं.” तेवढ्यात अनयचा फोन आला, तोही म्हणाला, नव्या सर्व्हरचाच काहीतरी घोळ असणार, आमच्या बाजूनं बघतो. इतकं सोपं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

पण कटंगी अन् लालबर्ऱ्यात तीच ओळ बसलेली होती, आणि तिथं उद्या कोणाचं काय अडेल काय सांगावं.

“सर्व्हरचा घोळ नाही रे अनय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माह्याच हातची चूक होती. सहा वर्सापासून. या पोरीचं वर्स मीच बुडवून राह्यलो होतो.”

दीपिका डोळे पुसता पुसता थांबली. मोतीलालनं तिच्याकडं न बघता फोन ठेवला आणि कटंगीचा नंबर लावला.