स्पृहाचा राहिलेला नवस

नायगावच्या बीडीडी चाळीतली स्पृहा बास्केटबॉल खेळून पगार घेते, हे पटायला लोकांना बराच काळ लागला. शेजारणी तिच्या आईला विचारायच्या, "पोरगी ऑफिसात जाते की मैदानात?" आई म्हणायची, "दोन्हीकडे. घरीच तेवढी येत नाही." खेळाडू म्हणून नोकरी लागली, पुढे लीगच्या संघानं करार केला, पेपरात फोटो आला. चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा फ्रेममधला तो फोटो लिफ्टनं वर चढला. सगळं झालं, नवस तेवढा फिटायचा राहिला.

दर गणपतीला आई आठवण करी, आणि दर गणपतीला स्पृहा कुठला तरी सामना पुढे करी.

अडचण फेडण्याची नव्हती, बोलण्याची होती. त्यांचं घर मालवणी. नवस फेडताना देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि काय मागितलं होतं ते चारचौघांत सांगायचं, असा तिच्या थोरल्या काकांचा, अण्णांचा, दंडक. आणि स्पृहानं मागितलं होतं ते मेघनाचं. मेघना खालच्या मजल्यावरची, तिच्याहून मोठी. तिनंच हिला बोट धरून मैदानावर नेलेलं. संघात जागा एकच होती, नोकरी त्या जागेलाच बांधलेली. स्पृहा देवाला म्हणाली, "मेघनाची जागा मला दे." आणि निवडीच्या सामन्यात मेघनाचा गुडघा गेला.

यंदा आईनं सामन्यांचं वेळापत्रक मोबाइलवर आधीच बघून ठेवलं होतं. सुटका नव्हती. आरती झाली. मेघनाही आली होती. आता ती शाळेतल्या मुलींना खेळ शिकवते. दारातच म्हणाली, "लिफ्ट आहे म्हणून बरं गं. नाहीतर तुमचा गणपती मला विसर्जनालाच दिसला असता." सगळे हसले. स्पृहाला हसू येईना.

"बा देवा म्हाराजा," अण्णांनी सुरुवात केली, "ह्या चेडवान जां मागल्यान..." मग वळून म्हणाले, "काय मागलंस गो?"

'नोकरी' म्हणून सुटता आलं असतं. तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच. पण समोर मेघना एका पायावर भार देऊन, हात जोडून उभी होती.

"मेघनाची जागा मागितली होती."

अण्णांना पुढचे शब्द सापडेनात.

मेघनाच बोलली. "गुडघा मीच घालवला. दुखत होता तरी पट्टी बांधून उतरले, कुणाला सांगितलं नाही. देवाच्या माथी कशाला मारतेस?" मग जरा हळू आवाजात म्हणाली, "पण नुसती जागा मागायचीस ना. माझं नाव कशाला घेतलंस?"



अण्णांनी घसा साफ केला. "तां तू दिलंस, म्हाराजा. आज नवस फेडून घे." सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. मेघनाचे ओठ हलले नाहीत.

"सुटलीस बाई एकदाची," आई म्हणाली आणि पानं मांडायला वळली. मेघना जेवायला थांबली, स्पृहाच्या शेजारीच बसली. वाढलेला मोदक तिनं खाल्ला. स्पृहानं आपल्या हातानं आणखी एक वाढला. तो मात्र पान उचलेपर्यंत तसाच राहिला.